तुळशीसाठी वळवलेला पाइप

२०१५ साली बिशानच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये उल्काची सकाळ सासऱ्यांच्या आंघोळीने सुरू होई. सिंगापूरच्या उकाड्यातही अप्पांना कढत पाणीच लागे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ते दिवसभर पलंगावर पडून असत. आंघोळ झाली की मात्र भिंत धरत धरत स्वयंपाकघरात जात आणि खिडकीच्या ग्रिलमधल्या तुळशीला पाणी घालत. तेवढंच त्यांचं चालणं. ते थांबलं की माणूस कायमचा अंथरुणाला खिळणार, असं डॉक्टरांनी नव्हे, उल्कानेच ठरवलं होतं, आणि त्या धास्तीने ती तुळशीला जिवापाड जपत होती.

पण गॅस गीझरचा धुराचा पाइप त्याच खिडकीतून बाहेर जाई. त्याच्या झळांनी तुळस करपू लागली. नवरा मुकुल तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात बसून मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा सांभाळणारा. त्याने एका रविवारी पाइपला कोपरासारखा वाकडा जोड लावून त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि दिवसभर स्वतःवरच खूश राहिला. हुशार माणसांची दुरुस्ती अशीच असते. तुळस वाचली, पण वर्षभरात बाहेरच्या भिंतीचा नवाकोरा रंग फुगला, पिवळा पडला आणि त्याचे पापुद्रे खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडू लागले.

तक्रार गेली. घरमालकाने येऊन भिंत पाहिली आणि या आठवड्यात पाइप सरळ करा, नाहीतर गीझरच काढून नेतो, असं बजावलं. म्हणजे तुळस हलवणं आलं. उन्हाची दुसरी जागा एकच, दाराबाहेरचा कॉरिडॉर, आणि मधला उंबरठा अप्पांना ओलांडता येत नव्हता. मुकुल म्हणाला, तूच सांग त्यांना, तुझं ऐकतात. हेही तिच्याच गळ्यात पडलं.

सकाळी पोळ्या लाटता लाटता तिने एकदाचं सांगून टाकलं. अप्पा भिंतीला टेकून ऐकत होते.

"ठेव की बाहेर," ते म्हणाले.

"मग तुम्ही इथवर याल का, अप्पा? खरं सांगा."

"तुळशीसाठी कोण येतंय? तू पहाटेपासून इथे एकटी राबत असतेस. घरातलं कोणी तुझ्याजवळ फिरकत नाही. म्हणून येतो."

उल्काने शेगडी बंद केली आणि अर्धी लाटलेली पोळी तशीच टाकून ती फरशीवर बसली. तिला रडू आलं, आणि ते आवरायचं त्राणही तिच्यात नव्हतं. आपण थकलोय हे या घरात कोणाला दिसतच नाही, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.