दहाबोटे आणि चार चाकांचा फीडर

त्याला सगळे दहाबोटे म्हणत. खरं आडनाव विचारलं तर त्याचे शेजारीसुद्धा डोकं खाजवतील. पण हे आडनाव त्याने कमावलं होतं, हो! बत्तीस वर्षं स्पिंडल मशीनवर उभं राहून दहाची दहा बोटं शाबूत ठेवणं म्हणजे काय खायचं काम आहे? टेबलाच्या मधोमध उभा दांडा, त्यावर गरगर फिरणारी पाती, आणि लाकूड हाताने रेटत त्यावरून न्यायचं, की कडेला सुरेख गोलाई उतरते. रेटताना लाकूड उसळलं की हात पात्यांवर. त्या धंद्यात नमस्कार करताना लोक आधी समोरच्याची बोटं मोजतात.

आता मात्र माणूस थकला होता. सकाळी कारखान्याचं शटर वर करताना खांद्यातून कळ निघायची, दुपारपर्यंत पोटऱ्या दगड व्हायच्या. हे सगळं तो बायकोला सांगायचा, रोज, तिचे कान किटेपर्यंत. एकच गोष्ट सांगत नव्हता. साखरेच्या दुखण्याने गेल्या वर्षभरात त्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. लाकूड हाताला लागायचं, पण लाकडासारखं लागायचं नाही.

सांगणार कसं? बायको त्याच कारखान्यात पलीकडच्या टेबलावर घासकाम आणि पॉलिश करायची. तिला कळलं असतं तर तिने त्याच क्षणी मशीनचं बटण बंद केलं असतं. आणि मग खुर्चीच्या पाठीची कमान कुणी केली असती? सरळ पट्टी कुणीही रेटतो. वाकडी कमान बोटांनी फिरवावी लागते, आणि तशी फिरवणारा त्या भागात तो एकटाच उरला होता. तेवढं एक गेलं की आपण म्हणजे नुसता लाकडं उचलणारा म्हातारा, असं त्याला मनातून वाटायचं.

शिवाय त्याने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. पूर्वी रोज संध्याकाळी बोटांत दोन-चार कुसळं असायची, बायको सुई घेऊन काढत बसायची आणि हा ओरडायचा. वर्षभरात एकही कुसळ शिरलं नव्हतं. म्हणजे बोटं मेली नाहीत, निबर झालीत. झालं! माणसाला स्वतःला फसवायला फार हुशारी लागत नाही.

गेल्या महिन्यात एक सरळ पट्टी उसळली आणि त्याच्या पोटावरचं कापड फाडून गेली. बायकोने हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला.

"फीडर घ्यायचा," ती म्हणाली.

फीडर म्हणजे रबरी चाकांचा एक डबा. मशीनवर बसवला की चाकं लाकडाला दाबून धरतात आणि आपोआप पुढे ढकलतात, हात लांबच राहतो. दहा वर्षं ती मागे लागली होती, दहा वर्षं त्याने ऐकलं नव्हतं. यावेळी तो म्हणाला, "घेऊ."

"अगं बाई! पहिल्या फटक्यात? बरं वाटतंय ना तुम्हाला?"

त्याच्या डोक्यात हिशोब पक्का होता. सरळ काम फीडरवर टाकायचं, आणि कमानीपुरता फीडर बाजूला सारून हाताने करायचं. मामला खतम.

दोघं मशीनच्या दुकानात गेली. दुकानदार पूर्वीचा सुतारच. डाव्या हाताची दोन बोटं त्याने केव्हाच मशीनला वाहिली होती.

"या दहाबोटे! दृष्ट लागेल, हात खिशात ठेवा," तो हसत म्हणाला आणि त्याने दोन फीडर दाखवले. "हा छोटा, तीन चाकी. हलका आहे, एका हाताने फिरवून बाजूला होतो. हा मोठा, चार चाकी. टेबलाला भोकं पाडून बोल्टने बसवायचा. पकड अशी की लाकूड हूं की चूं करत नाही. पण एकदा बसला की बसला, रोज काढायचं नाव नको."

"छोटा द्या," दहाबोटे म्हणाला.

"मोठा," बायको म्हणाली.

"अगं, आपलं काम केवढं! उगीच टेबल अडवून बसायचा."

"अडवू दे."

"आणि कमानी? मोठा बसवला तर कमानींना जागा कुठे राहते?"

"नाहीच राहत," ती शांतपणे म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती थकलेली दिसत होती, फार थकलेली, आणि हे त्याला आजच का दिसलं कोण जाणे.

भांडण नको म्हणून दुकानदाराने नमुन्याच्या मशीनवर बसवलेला मोठा फीडर सुरू केला आणि एक रंधा न मारलेली पट्टी आत सारली. चाकांनी ती अलगद ओढून घेतली. दहाबोट्याने पलीकडून उचलली आणि सवयीने बोट कडेवरून फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"वा! लोण्यासारखी झालीय. पण खालची बाजू..."

"अहो, हात," दुकानदार म्हणाला.

"काय हात?"

त्याचं हसू मावळलं होतं. दहाबोट्याने खाली पाहिलं. तर्जनीत काडीएवढं कुसळ आरपार शिरलं होतं, पट्टीवर रक्ताची लांबलचक रेघ उमटली होती, आणि तो अजून बोट फिरवतच होता.

"हे... आत्ताच गेलं वाटतं," तो घाईने म्हणाला. "वर्षभरातलं पहिलंच बघ."

"पहिलं?" ती म्हणाली. "परवा तीन काढली मी."

त्याने पट्टी खाली ठेवली.

"जेवून आडवे होता ना, तेव्हा. रोज काढते. आधी वाटलं, माणूस दमलाय, झोप गाढ लागते. मग एकदा मुद्दाम सुई जोरात टोचली. तुम्ही घोरतच होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. वर्ष झालं. मशीन सुरू झालं की माझा जीव टांगणीला. मीही दमले हो आता."

त्याला आधी संताप आला. मग लाज वाटली. आणि मग, कुणाला सांगूनही पटलं नसतं, पण त्याला सुटल्यासारखं वाटलं. वर्षभर उचलून धरलेलं काहीतरी एकदाचं खाली ठेवता येणार होतं. तो फीडरच्या खोक्यावर मटकन बसला.

"मोठाच द्या," तो दुकानदाराला म्हणाला. "बोल्ट तुम्हीच येऊन मारा. घट्ट."

"आणि कमानी?" दुकानदाराने विचारलं.

"झाल्या करून."

दुकानदार पलीकडे जाऊन बिलाचा कागद शोधू लागला. तिने पिशवीतून सुईची डबी काढली. म्हणजे डबी ती सगळीकडे घेऊन फिरत होती! त्याने हात पुढे केला. सुई आत गेली, तिरकी झाली, कुसळ हळूहळू वर येऊ लागलं. वर्षभरात पहिल्यांदाच तो जागेपणी हे बघत होता.

"दुखलं तर सांगा हं," ती सवयीने म्हणाली, आणि मग तिचा हात थांबला.

"सांगतो," तो म्हणाला. "आता सगळं सांगतो."