आबदारांचा पहिला घोट

आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्यासाठी आणलेल्या तांब्यातलं पाणी आधी बाबा स्वतः पीत आणि मग पाहुण्याला देत. नानाखेड्यातले आमचे हिंदीभाषक शेजारी याला सरळ अडाणीपणा म्हणत. मला बघायला आलेली मंडळी तर चहा न घेताच उठायला निघाली होती. पण बाबा, म्हणजे गोपाळकृष्ण आबदार, ऐकतात कुणाचं? "आबदार म्हणजे दरबाराचं पाणी सांभाळणारा. विष असेल तर आधी तोच मरणार," ते म्हणत. दरबार केव्हाच बुडाला, बाबा बँकेतून रिटायर झाले, तरी रीत सुटली नाही.

नव्वदच्या दशकात पाणी विकत घ्यायची टूम निघाली आणि माझ्या चुलतभावाला, प्रसादला, अक्कल सुचली. नाल्याकाठी बोअर खणून त्याने बाटल्या भरायला घेतल्या. त्या नाल्याच्या वासानं नाक धरल्याशिवाय कुणी तिथून जात नाही. वर बाटलीवर नाव छापलं, 'आबदार'. न विचारता!

मग गोड बोलत घरी आला. "काका, टावर चौकात उद्घाटन आहे. तुम्ही फक्त सांगायचं, आपलं खानदानच पाण्याचं. बस."

मला वाटलं, बाबा त्याला हाकलतील. पण आडनावाचा अर्थ इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता. बाबा हुरळले. कोटाला इस्त्री करून घेतली. मला त्यांचाही राग आला.

चौकात मांडवाखाली टेबलावर बाटल्या रचल्या होत्या. प्रसादनं एकीचं सील फोडलं आणि पेला भरून बाबांपुढे धरला. बाबांनी तो त्याच्याकडेच सरकवला.

"पाणी तुझं. आधी तू पी."

प्रसाद हसला. "मी कशाला, काका? मी घरूनच आणतो ना." आणि खरंच, त्याच्या खुर्चीखाली थर्मास होता.

बाबांनी पेला खाली ठेवला. लोकांचे हात फुकटच्या बाटल्यांकडे सरकले होते. बाबांनी एक बाटली उचलली, नखानं आपलं नाव खरवडून काढलं. मग दुसरी. मग तिसरी.

"काका को ज़रा धूप लग गई है," प्रसाद माइकवर म्हणाला. लोक हसले.

बाबांनी चौथी उचलली. मी पदर खोचला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.