जयाची बोलकी स्क्रीन

जया गजभिये जन्मांध होती. मिलच्या टेलिफोन बोर्डावर तिने अकरा वर्षं काढली. कुठल्या खात्याला कुठली तार, हे तिच्या बोटांना पाठ होतं. मिल बंद पडली तेव्हा वडिलांनी तिला महूला घरी बोलावलं. मिलजवळच्या परदेशीपुऱ्यातली खोली सोडून ती गेली नाही. दोन वर्षांनी एका खाजगी इस्पितळात चौकशीच्या टेबलावर तिला काम मिळालं.

तिथल्या कॉम्प्युटरवर नुसती अक्षरं उमटायची. मुंबईच्या एका अंधसंस्थेने त्याला आवाज बसवून दिला होता. जया पेशंटचं नाव टाइप करायची, आवाज खरखरत्या इंग्रजीत वॉर्ड नि पलंग सांगायचा. 'आनंदीबाई' या नावाचं तो भलतंच काहीतरी करायचा, पण तिला कळायचं.

नव्व्याण्णव साली नवा प्रोग्राम आला. रंगीत चौकटी, चित्रं, माउस. सगळे खूश झाले. जयाच्या कानातला आवाज मात्र बंद पडला. चित्रं त्याला वाचता येत नव्हती.

"जयाजी, टेन्शन नका घेऊ," व्यवस्थापक प्रतापराव म्हणाले. "शलाका बाजूलाच बसते ना, ती वाचून सांगेल."

शलाका सांगायचीही. पण तिच्यासमोर कायम रांग, आणि इकडे फोन धरून माणसं ताटकळायची. एकजण चिडून म्हणाला, "मॅडम, आपको कुछ पता भी है?" जयाने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम बनवणारा मानस आला, तशी ती उठून त्याच्यापुढे उभी राहिली.

"भिया, माझी जुनी स्क्रीन वापस लावा. पेशंटची यादी नवी राहू द्या."

"अहो, ती आता कोण वापरतं?"

"मी वापरते."

मानस हसला, मग खुर्ची ओढून तिच्या कॉम्प्युटरसमोर बसला. तीन दिवस खपून त्याने जुनी स्क्रीन सुरू केली. नवी यादी तासातासाने तिच्यात उतरायची. माहिती तासाभराची शिळी असू शकते, हे जया फोनवर सरळ सांगून टाकायची.

पाच वर्षांनी नव्या स्क्रीनलाही बोलता येईल असा आवाज मानसनेच आणला. "दोन्हीपैकी कुठली ठेवू?"

जयाने आठ दिवस दोन्ही वापरल्या. नवीत बटणं हुडकताना ती वैतागून जायची. पण यादी ताजी होती, आणि एका दुपारी तिने इंटरनेटवरचं इंग्रजी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून ऐकलं. कुणाला वाचून दाखव म्हणावं लागलं नाही.

"नवी ठेवा."

"पक्कं? जुनीसाठी एवढ्या भांडलात!"

"तेव्हा ही मुकी होती ना."

पुढचे दोन महिने तिचा वेग निम्म्यावर आला. शलाकाला ती पुन्हा हाक मारू लागली, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. दिवाळीपर्यंत हात बसला.