सात तासांची खूण

खाणीवर सगळे त्याला मामा म्हणत. डंपर चालवणारा, पन्नाशीला टेकलेला, मोजकं बोलणारा माणूस. चौदा दिवस वर, सात दिवस खाली, अशी त्याची अकरा वर्षं गेली. वर म्हणजे इतक्या उंचीवर, की बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी धाप लागावी.

कामाची सवय झाली, झोपेची काही झाली नाही. डोळा लागला की श्वास थांबायचा आणि बुडता माणूस वर यावा तसा तो दचकून उठून बसायचा. खोलीतल्या वेल्डरचीही तीच गत. मग पाठीशी उशा लावून दोघं बसल्या बसल्या डुलक्या काढत. वेल्डर म्हणायचा, "मामा, अजून दोन वर्षांत उभ्यानं झोपायला लागू. मग नालच ठोकून घेऊ."

रोज सकाळी तळावरच्या दवाखान्यात नर्सबाई बोटाला चिमटा लावून प्राणवायू बघायच्या आणि कागद पुढे करायच्या. किती तास झोपलात? पाचच्या खाली खूण केली, की डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी हातातून गेली. म्हणून सगळा तळ सातवर खूण करायचा. मामाचा हात तर न बघता तिथे जायचा. घरी फोनवर बायकोने विचारलं तरी उत्तर तेच, सात.

खाली आल्यावर तरी झोप लागावी, तर तेही नाही. लेक दारं हलक्या हाताने लावायची, तरी कपबशी वाजली की मामा खेकसायचा. मागच्या खेपेला बायको म्हणाली होती, तुमच्यापेक्षा तुमची बॅग बरी, निदान कोपऱ्यात गप्प बसते. पूर्वी असल्या बोलण्यावर तो खो खो हसला असता. या वेळी हसला नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

त्या मंगळवारी भर दुपारी मामाने डंपर कड्याशी मागे घेतला आणि हौदा उचलला. खाली काहीच पडलं नाही. कड्यावर गाड्यांना इशारे देणारा निशाणवाला म्हणाला, "मामा, आज वारा ओतायला आलात?"

खेप मघाशीच रिकामी झाली होती. मामा खाली खाणीत गेला, माल भरणाऱ्या लोडरपुढून न थांबता वळला आणि तसाच रिकामा वर आला होता. त्याला मधलं एकही वळण आठवेना. रोज त्या वेळी त्या रस्त्याने समोरून पाण्याचा टँकर येतो. तो आला होता की नाही, तेही आठवेना.

जेवणघरात त्या वाऱ्यावरून बरीच टिंगल झाली. मामाही हसला, पण घास तोंडात नुसता फिरत राहिला.

सकाळी कागद पुढे आला. हात सवयीने सातकडे गेला. डंपर गेला तर दुसरं येतंय काय आपल्याला? मागे रांगेत टँकरवाला उभा होता, जांभया देत.

मामाने दोनवर खूण केली.

नर्सबाईंनी कागद दोनदा वाचला, त्याला खाटेवर बसवलं आणि नाकाला प्राणवायूची नळी लावली. दुपारच्या गाडीने खाली जायचं ठरलं. निघण्याआधी त्याने बायकोला फोन करून सगळं सांगितलं, टँकरचंही. पुढे काय काम मिळेल, ठाऊक नाही म्हणाला.

पलीकडे बराच वेळ नळ वाहत होता. मग तो बंद झाला.

"या तुम्ही," ती म्हणाली. "झोप नाही आली तर दोघं जागू. पण मला आता सात सांगू नका."