पाचवी बरगडी

लातुरात निजामाचा अंमल होता तेव्हा गंजाच्या बाजारामागं एक जण निखाऱ्यावर बकऱ्याच्या बरगड्या भाजायचा. मी शाळामास्तर. जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, शाळेला सुट्टी, म्हणून त्या दिवशी हमखास तिथं जायचो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तोच आधी विचारायचा, "सकाळपास्नं काय खाल्लं?" उत्तर ऐकून तो बरगड्या ठरवायचा. वरण-भाकरी म्हटलं की चार. मटण म्हटलं की दोनच, आणि त्यावर अख्खा कांदा नि लिंबू. चरबी तो भाजण्याआधीच कापून काढायचा.

एकदा पोलिसातले अमीनसाहेब घोड्यावरून आले. त्यांनाही तोच सवाल.

"बिर्याणी. का रे?"

त्यानं दोन बरगड्या पुढं केल्या. साहेबांनी त्या बघता बघता संपवल्या आणि आणखी चार मागितल्या.

"न्हाई हुजूर. तुमी गिळून राहिले. चावून खाल्लं तर दोनात भागतंय."

माझा घास तोंडातच थांबला. तो मात्र खाली बघून कांदा चिरत राहिला. साहेब घोड्यावर बसून गेले. आता ह्याची भट्टी उठणार, असं मी धरूनच चाललो.

पुढच्या जुम्याला साहेब आले ते घामाघूम होऊन. त्यानं विचारायच्या आतच म्हणाले, "वरण-भाकरी. आणि पायी आलोय."

त्यानं चार बरगड्या वाढल्या आणि पायी आल्याबद्दल पाचवी.

मी सात वर्षं पायीच येत होतो.