आजी, म्हैस आणि तुरटी

जव्हार संस्थान विलीन झालं, जामसरला मुलांचं वसतिगृह निघालं आणि मी तिथला विज्ञानाचा मास्तर झालो. न्हाणीचं, मुतारीचं सगळं सांडपाणी उतारावरच्या तळ्यात जाई. त्या खतावर तळं इतकं हिरवं झालं की शेजारच्या आजीची म्हैस त्यात डुंबून हिरवीगार बाहेर आली, तर शेळ्या तिला चरायला धावल्या! मी स्वतः हाकलल्या. खोटं वाटत असेल तर शेळ्यांना विचारा.

पण म्हैस त्या पाण्याला तोंड लावेना. आजीला ती एकच. दुसरं पाणी पार टेकडीखाली, आणि आजीचे गुडघे गेलेले. तरी रोज हंडे वाहून पाजायची.

"गुरुजी, तुझ्या पोरांची घाण माझ्या म्हशीनं का प्यायची रं?"

मी छाती ठोकली. तळ्याच्या वर खड्डा खणून सांडपाणी अडवलं. शेवाळ पोसतं सांडपाण्यातल्या फॉस्फेटवर. तुरटी घातली की ते तिला धरून गाळ होऊन खाली बसतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. जव्हारच्या बाजारातून तुरटी आणली, विरघळवून ओतली आणि दांडक्यानं दुपारभर असा खड्डा घुसळला की खोडाळ्यापर्यंत लोक ताकासाठी लोटे घेऊन उभे राहिले असतील. पाणी गढूळ ते गढूळच.

आजी काठावर बसून बघत होती. "काय करतोस?"

"तुरटी मिसळतोय."

"ती मिसळली कवाच. आता मोडतोस. बघ, कापसासारखं धरतंय नि तू फोडतोस! हंड्यात तुरटी नाय फिरवत आपण? आधी जोरात, मग हळू, मग हात काढायचा."

कॉलेजात हे कोणी बोललं नव्हतं; निदान मी हजर असताना तरी नाही. दुसऱ्या दिवशी ताज्या पाण्यात तुरटी ओतली आणि दांडकं आजीच्या हाती दिलं. आधी तिनं जोरात फिरवलं, मग झोपेला आलेल्या नातवाला थोपटावं तशी हळू फिरवत राहिली, आणि हात काढला. पुंजके जमले, जड झाले, बसले. संध्याकाळी वर नितळ पाणी, तळाशी राखाडी गाळ.

मग रोजचं पाणी असंच निवळून तळ्यात सोडू लागलो. तळ्यानं वेळ घेतला, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. एका सकाळी म्हैस उतरली, पाणी हुंगलं, आणि प्यायली. तळं चार बोटं खाली गेलं!

आजी रिकामा हंडा उपडा घालून त्यावर टेकली. "पोरांना शिकव हे. पण कोणी दावलं ते बी सांग."

सांगितलं की. फक्त वर्गात सांगताना खड्डा जरा मोठा केला आणि माझं घुसळणं जरा कमी.