खिडकीवाल्या बाई

प्रश्न विचारून वर्गाकडे चक्क पाठ फिरवणारी शिक्षिका मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या चौथीच्या बाई. प्रश्न विचारला की पदर सावरत खिडकीशी जायच्या आणि बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत उभ्या राहायच्या. पंख्याची घरघर, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, उन्हात तरंगणारी खडूची पूड. सगळी शाळा झोपेत चालल्यासारखी वाटायची. आम्ही त्यांना खिडकीवाल्या बाईच म्हणायचो.

वर्गात हात वर करायला बंदी होती. उत्तर कोणी द्यायचं ते बाई ठरवायच्या, आणि एकदा नाव घेतलं की ते पोर बोलेपर्यंत बाकीच्यांनी ब्रही काढायचा नाही. हुशार मंडळी नुसती तडफडायची.

"बाई, मला येतंय ना!"

"येतंय तर छानच. ठेव तुझ्याजवळ, खराब नाही होत," बाई खिडकीतूनच म्हणायच्या. "जल्दी कोणाला आहे? मला तर नाही."

मला होती, पळून जायची! मी अडखळत बोलायचे, आणि शब्द 'प'चा असला की संपलंच. आमच्या गावी, बेटम्याच्या शाळेत पोरांनी इतक्या नकला केल्या की मी बोलणंच सोडून दिलं. शेवटी मला इंदूरला मामाकडे आणून ठेवलं. इथेही तोंड उघडलं नाही तर परत न्यायचं आणि शाळा बंद, असं घरात ठरलं होतं. ते मी दाराआडून ऐकलं होतं.

बाईंना आणखी एक खोड होती. कोणताही धडा काढला की आधी त्यातल्या चित्रावर बोट ठेवून विचारायच्या, "यात कोण राहिलं?" मग आम्ही पेन्सिलीने राहिलेल्यांना आत घ्यायचो. बाजाराच्या चित्रात अफसानाची बांगड्या विकणारी आजी येऊन बसली. मैदानाच्या चित्रात कुबड्यांवरचा गोलकीपर आला. वर्षअखेरीस आमची पुस्तकं जत्रेसारखी गजबजून गेली.

मोठ्या सरांना हे सगळं अजिबात पटत नसे. एकदा ते दारातूनच ओरडले, "बाई, पोर्शन मागे पडतोय!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, पोर्शन पुढे गेला आणि पोरं मागे राहिली, तर मी कोणाबरोबर चालू?"

एका दुपारी कामधंद्यांचा धडा निघाला. चित्रात दुकानात, रस्त्यावर, ऑफिसात सगळे पुरुष. बाईमाणूस एकच, ती पोळ्या लाटत होती. "शीतल, यात कोण राहिलं?" एवढं विचारून बाई गेल्या खिडकीशी.

"माझी आई. ती पं..."

पुढचं येईना. कोणीतरी खुसखुसलं. बाईंनी वळून न बघता नुसता हात उचलला, आणि वर्ग गप्प झाला. कडुनिंबाची पानं हळूहळू हलत होती. ती सगळी दुपार माझ्यासाठी थांबून राहिली आहे, असं मला वाटलं.

"पं... पं... पंक्चर काढते. ट्रकचं पण!"

बाई वळल्या. "ट्रकचं? क्या बात है! काढ तिला. चांगली मोठी काढ."

मी काढली, ट्रकपेक्षाही मोठी. बेटम्याला परत जावं लागलं नाही.

परवा कळलं, बाई तुकोगंजला मुलाकडे आहेत, अर्धांगाने बोलणं गेलंय. भेटायला गेले. "आई आता कोणाला ओळखत नाही हो," मुलगा दारातच म्हणाला. मला बघून बाईंचे ओठ हलले.

"पं..."

"पंखा लावू, आई?" मुलगा लगबगीने उठला. बाईंनी नाही अशी मान हलवली.

"पं..."

"मग पांघरूण देऊ?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भिया, राहू द्या," मी मुलाला म्हटलं. "जल्दी नाही." आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिले. माझेही डोळे भरले होते. खाली रस्त्यावर ऊन सांडलं होतं, गाड्या दुरून कुठून तरी येत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे.

मागून सावकाश आवाज आला.

"पं... पंक्चर. ट्रकचं... पण."